तूट

विट्यात, झेरॉक्सच्या दुकानावर
माझं दहा बाय आठचं ऑफिस.
खाली सातबारा, उत्पन्नाचे दाखले, लॅमिनेशनचा वास.
वर मी, एक पंखा,
आणि गलाईवाल्यांच्या मंडळाची वेबसाइट.

अकराशे सव्वीस नावं.
गावं खानापूर तालुक्यातली,
दुकानं मात्र गुंटूर, कटक, लुधियाना, कोइमतूर,
एक तर थेट दिब्रुगडला.
नाव, पत्ता, नंबर, फोटो.
फोटोत सगळे लग्नातल्या फेट्यात,
भट्टीपुढचा एकही नाही.

जुना प्लॅन मार्चपासून कुरकुरत होता,
जागा भरली, जागा भरली.
यात्रेच्या आठवड्यात तर दुपारीच मान टाकायचा,
सगळे एकदम गावाकडं बघायला लागले की.
समितीनं तीन बैठका घेऊन
मोठ्या प्लॅनला होकार दिला
आणि बॅकअप म्हणजे नेमकं काय, ते
पोपटनाना निकमांना फोनवर सांगायचं काम
माझ्याकडं आलं.

म्हटलं, नाना, बिऱ्हाड हलवायच्या आधी
सगळ्याची हुबेहूब नक्कल काढून ठेवायची.
नानांनी चाळीस वर्षं सोनं गाळलेलं.
म्हणाले, "आन तूट किती धरायची?"
तूट नसते ह्यात, नाना.
पलीकडं बराच वेळ नुसता ब्लोअरचा आवाज.
"पोरी, एका मुशीतनं दुसऱ्या मुशीत वतलं
आन तूट न्हाई,
असं माझ्या हातनं तरी कधी झालं न्हाई."

रात्री अकरानंतर उतरवायला घेतलं.
सव्वादोन जीबी.
नव्वद टक्क्यांवर लाईट गेली.
परत पहिल्यापासून.
पहाटे नव्या जागेत डेटाबेस ओतला,
पान उघडलं,
तर नावाच्या जागी
????? ????
गावाच्या जागी
???????
आकडे तेवढे शाबूत.
दहा आकडी नंबर, आणि त्याच्या वर
ओळीनं उभी अकराशे सव्वीस प्रश्नचिन्हांची माणसं.

एका सेटिंगची चूक होती.
ती सापडेपर्यंत खाली चहाचा गाडा लागला.
नानांना हे सांगितलेलं नाही.

सोमवारी नेमसर्व्हर बदलले.
हा बदल सगळीकडं पोचायला दोन दिवस लागतात,
तोवर कुणाला जुनं घर दिसतं, कुणाला नवं.
ग्रुपवर तसं टाकलं, हात जोडून.
दुपारी त्याच ग्रुपवर निरोप आला,
कटकचे तुकाराम हैबती बाबर गेले.
दुकानातच, बसल्या जागी.

नव्या साइटवर मी नावाआधी कै. लावलं,
नंबर काढला. समितीचा नियम.
जुन्या साइटला हात लावला नाही.
हलवाहलव पुरी होईतो जुन्याला शिवायचं नाही,
हा माझा नियम.

म्हणून मंगळवारी
लुधियान्यात ते गेलेले होते.
दिब्रुगडला अजून होते,
गुलाबी फेटा, चष्म्यावर फ्लॅशचा ठिपका,
नंबरासकट.
कोइमतूरला सकाळी होते,
जेवणानंतर नव्हते.

संध्याकाळी गुंटूरहून त्यांच्या धाकट्याचा फोन.
गाडीत बसला होता, कटकला निघालेला.
"ताई, आबांचं पान माझ्याकडं जुनंच दिसतंय.
चुकलंय का काय?"
मी कॅशे, मुदत, सर्व्हर
असं काहीतरी सुरू केलं
आणि मध्येच थांबले.
तोही थांबला. मागं कुणीतरी भजी विकत होतं.
"मग हे बंद करू नको ना?"
म्हटलं, राहू दे उघडं.
फक्त रिफ्रेश करू नकोस.

बुधवारी सगळीकडं नवी साइट दिसू लागली.
पानं झटकन उघडतात, समिती खूश आहे.
जुन्या प्लॅनची मुदत गुरुवारी संपत होती.
मी आणखी एका महिन्याचे
दोनशे दहा रुपये भरले.

मंडळाच्या हिशेबात ते
कुठल्या खात्याला टाकायचे,
अजून ठरत नाही.