न छापता येणारं

सोहार बंदर. रात्रपाळी, पावणेतीन.
यादी मागवली की जुनं मशीन
टिंग करतं.
कुठल्याशा फाइलच्या नावात
घंटा अडकलीय:
दिसत नाही, वाजते.

दिसतं ते नाव टाइप करून पुसायला गेलो,
तर म्हणतं, अशी फाइलच नाही.
समोर दिसतेय की, मेल्या!

मग नावाचा नाद सोडला,
आयनोड विचारला. ४०७१८.
आकड्यानं हाक मारली की मुकाट येतात सगळे.
मीही येतो; इथल्या कार्डावर
कोळथरकरातला ळ
कधीचाच गळालाय.

'काढून टाकू?'
आत शून्य बाइट. तारीख
तेओदोरो सामान बांधून सेबूला गेला
त्या रात्रीची.

'नको' दाबलं.
चहा गार झालेला.
पुन्हा एकदा यादी मागवली,
उगाच.