शहाण्णव खळगे

धंतोलीत दुसऱ्या मजल्यावर
कूलरमधल्या वाळ्याचा वास
एप्रिलभर अ‍ॅसिडच्या वासाशी भांडत असतो.
माझ्यासमोर नखाएवढे शहाण्णव खळगे.
प्रत्येकात कुणाच्या तरी रक्तावर तरंगलेलं पाणी,
थेंबभर.
ते आधी निळं होतं.
मग मी थांबवणारा थेंब टाकते
आणि निळ्याचं पिवळं.
जितकं गडद, तितकं ते शरीर
गव्हाच्या रागानं स्वतःच्याच घरावर दगड मारत असतं.

बी-सातमध्ये चंचल धकाते,
वय नऊ, उंची सहा वर्षांच्या पोरीची.
दोन वर्षं लोहाचं औषध पिऊन दात काळे,
हिमोग्लोबिन सातावरून हलेना.
मग कुण्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं, टीटीजी.
आणि खाली वेगळ्या ओळीत, एकूण आयजीए.
साक्षीदारच मुका असेल
तर त्याच्या गप्प राहण्याला काय अर्थ?
साक्षीदार मुका नव्हता.
मशीन म्हणालं, दोनशेच्या वर,
पुढचं मला मोजता येत नाही.

आई, दुर्पताबाई, मडक्यावर रोट्या लावते.
कणीक एवढी सैल की कोपरापर्यंत ओघळते,
ती हातांवर झुलवत झुलवत पातळ करायची
आणि उलट्या मडक्याच्या पाठीवर टाकायची,
ओली ओढणी वाळत घालावी तशी.
लग्नाला अडीचशे, तेरवीला शंभर.
रिपोर्ट धरला तेव्हा
नखांच्या कडेला कणीक वाळलेली होती.
"गहू सोडाचा?
मंग आमी खाऊ काय जी?"

सहा महिन्यांनी शहाण्णव.
क्षणभर कळेना, आकडा वाचतेय की खळगे मोजतेय.
वर्षानं एकेचाळीस.
ज्वारी, तांदूळ, बेसन. पोरीचा फ्रॉक आखूड झाला.
मग अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न म्हणजे काहीतरी आत गेलं.
कुणी दिलं, लाडानं की चुकून,
ते त्यात लिहिलेलं नसतं.
मी मात्र पोरीकडेच पाहिलं.
शाळेतला डबा, वाढदिवसाचा केक, क्रीमचं बिस्किट?
"नाई खाल्लं," ती म्हणाली
आणि बाही वर केली,
पाहिजे तर अजून घ्या, अशी.

दुर्पताबाईनं मडकी अंगणात नेली.
रोट्या झाल्या की डोक्यावरून आंघोळ,
मगच पोरीची भाकर.
तीन महिन्यांनी पंचावन्न.

मग एका दुपारी ती पिशवीतून
अख्खं स्वयंपाकघर घेऊन आली.
तिखट, मसाला, पापड, सोड्याची पुडी
नमुन्यांच्या रॅकशेजारी मांडून म्हणाली,
"मले बारीक दिसत नाई, तुमी वाचा."
शेवटी हिंगाची डबी, अंगठ्याएवढी.
मी भिंग आणलं.
डिंक, आणि त्याच्याही आधी
गव्हाचं पीठ.

रोज चिमूटभर, वरणाला.
तिनं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, हुंगलं.
"सासू म्हने, यानं पोट चांगलं राह्यते."

मी चंचलला म्हटलं, चुकलं माझं.
तिनं उत्तर दिलं नाही.
तिला भिंग हवं होतं.

आकड्याला सगळं कळतं असं नाही.
रक्त सांगतं ते ऐकीव.
आत आतड्याची मखमल झिजून
जुन्या पोलक्यासारखी गुळगुळीत झाली होती,
ती पुन्हा उभी राहिली का,
हे दुर्बिणीतूनच बघावं लागतं.
बघायचं आहे, जूनमध्ये, सुट्ट्या संपायच्या आधी.

आज ती एच-तीनमध्ये आहे, वय बारा.
अजनीकडे संध्याकाळी कुणाचं तरी लग्न, दोनशे रोट्या,
आई आली नाही, पोरगी एकटीच आली सायकलनं,
बाहेर बाकावर पाय हलवत बसलीय.
थेंब टाकला.
प्लेट मशीनमध्ये घालायच्या आधी
मी ती पांढऱ्या कागदावर धरते
आणि वाकून बघते,
त्या खळग्यात खरंच रंग आहे
की खिडकीतलं ऊन.