शीट क्रमांक ४०८ ते ४१२

नवतपाचा तिसरा दिवस. कुलरला वाळा आहे,
पण खोलीभर वास नॅप्थॅलिनच्या गोळ्यांचाच.
मी रोजंदारीवर कपाटातले डोंगर संगणकात भरते.
नागपुरात डोंगर असतात ते असे:
लोखंडी फळीवर आडवे,
भुऱ्या कागदाला टाके घालून धरलेले,
कसर लागू नये म्हणून विष पाजलेले.
(हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही,
मेश्रामकाका रोज सांगतात.)

आज खर्चुडी निघाली.
पहिलं शीट १९३७चं. संग्राहक ना. गो. खानझोडे.
चिखलदरा, दगडी उतार, गवतात. विपुल.
कंद सुपारीएवढा, उभा चिरलेला.
फूल म्हणजे काच काळवंडलेला इवलासा कंदील.
स्थानिक नाव: माहीत नाही.
खाली पेन्सिलीनं, दुसऱ्याच कुणीतरी:
जसमीला विचारा.

जसमीसाठी माझ्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

चोपन्नच्या पानावर वर्तमानपत्राची शाई उतरलीय,
उलट्या अक्षरांत संत्र्यांचे भाव.
शेऱ्यात विपुलचं तुरळक झालंय.
मी फक्त फुटांचे मीटर करत होते,
एकाखाली एक, मन न लावता:
आठशे नव्व्याण्णव,
नऊशे पंच्याहत्तर,
एक हजार एकाहत्तर,
अकराशे चाळीस —
आणि बोट थांबलं.
साठ वर्षं ही वेल
कुणाला न सांगता चढ चढत होती.

शेवटच्या शीटवर काहीच नाही.
नुसता कागद, चार टाके, मधे मोकळी जागा.
वैराटचा माथा. सप्टेंबर १९९८.
नमुना: नाही. खड्डा: एक, ताजा.
खणणारा माणूस की साळिंदर, कळत नाही.

नमुन्याशिवाय नोंद होत नाही, म्हणतो संगणक.
लाल चौकट उघडते, मिटते, उघडते.

काका बादली घेऊन दारात उभे.
म्हटलं, इथून पुढे कुठे गेली असेल हो?
"गेली असंन अजून वर."
वर काय आहे?
"आभाय," म्हणाले,
आणि कुलरमध्ये पाणी ओतू लागले.

मी टाक्यांवरून बोट फिरवलं.
दोरा घट्ट होता अजून,
ज्याला धरायचं
त्याच्या जाडीइतकी जागा ठेवून.

हात धुवायचे राहिलेत.