‘करील’ आणि ‘करू शकेल’

बंब बाहेर काढून उभा केलाय,
आत तेवीस घडीच्या खुर्च्या. माणसं अकरा,
आणि एक कुत्रा, तो कुणाचा ते कुणी सांगेना.
कॉफीचा मोठा थर्मास, डोरीन पेल्ट्झच्या रूबार्बच्या वड्या,
आणि मी छापून आणलेली पत्रकं,
डाव्या बाजूला शाई फिकी पडत गेलेली.

मी तुमची सिनेटर. जानेवारी ते मे
लिंकनला तुमच्या नावाने बसते, बटण दाबते,
उरलेले महिने इथे, औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते.
तर मंडळी, विधेयक क्रमांक चारशे अठरा मंजूर झालं.
अठ्ठावीस विरुद्ध सतरा, चार जण गैरहजर.
राज्यपालांनी सही केली, पेन मात्र परत मागून घेतलं.
(हसतील असं वाटलं होतं.
कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला.)

मग कलमं सांगत गेले.
दोन: खाजगी विहीर कशाला म्हणायचं.
तीन: नायट्रेट किती झालं की फार झालं.
पाच: गाळणीयंत्राला अनुदान, पावती जपून ठेवा.
चार मी ओलांडलं,
घरातली सैल फरशी पायालाच माहीत असते,
पाऊल आपोआप लांब पडतं.

लेलंड कुचेरा तिसऱ्या रांगेत. ओळीखाली बोट धरून वाचणारा.
धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं काटा सांभाळला,
ना कुणाला पौंडभर जास्त दिलं, ना कमी.
“बाई, फेब्रुवारीत तुम्ही पत्र पाठवलं होतं,”
खिशातून चार घड्यांचा कागद निघाला,
“त्यात होतं, खातं दरवर्षी तपासणी करील.
आज लिहिलंय, करू शकेल.”

“एवढाच फरक?” मागून कुणीतरी.
“एवढाच,” लेलंड म्हणाला.

एप्रिलमधली रात्र, साडेअकरा,
जिन्याच्या वळणावर, थंड पेयांच्या यंत्राच्या उजेडात
एका शब्दाला सहा मतं मिळत होती.
समोरचा शेंगदाणे खात म्हणाला,
एक क्रियापद सैल सोडा, बाकी सगळं तुमचं.
मी त्या क्रियापदाकडे पाहिलं. केवढंसं ते.
वाटलं, ओळीच्या शेवटी असतं,
तिथपर्यंत वाचतो कोण?

हे सगळं मी त्यांना सांगितलं, शेंगदाण्यांसकट.

इर्मा चोक रात्रपाळीला निघालेली,
मांसाच्या कारखान्याचे पांढरे रबरी बूट घालूनच आलेली.
ती स्पॅनिशमध्ये काही बोलली, हळू.
तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी उभी राहिली,
“आई विचारतेय, त्यांना वाटलं तर तपासतील,
की आम्हाला वाटलं तर?”

“पैसे उरले तर,” मी म्हणाले, आणि
नेमका सहाचा भोंगा झाला,
इथेच, छपरावर, आपल्या टाळूवर.
मिनिटभर कुणालाच काही बोलता येईना.
मुलगी उभीच होती. कानांवर हात,
डोळे माझ्यावर.
त्या भोंग्याचे मी मनात आभार मानले
आणि मग त्याचीच लाज वाटली.

नंतर खुर्च्या मिटल्या. वड्या संपल्या होत्या, पत्रकं उरली.
दाराशी लेलंडने लोणच्याची जुनी बरणी हातात दिली,
काठोकाठ पाणी.
“पूर्वेकडची विहीर. मार्लीस गेल्यापासून
मी बाटलीचंच पितो.”
काय झालं होतं तिला, ते त्याने सांगितलं नाही.
कारणं जोडून दाखवणारा माणूस नाही तो.
वजन तेवढं सांगतो.

सत्तर मैल ती बरणी शेजारच्या आसनावर,
पट्टा बांधून.
घरी ओट्यावर ठेवली. पाणी इतकं नितळ
की पलीकडच्या घड्याळाचे आकडे वाचता येत होते,
जरासे वाकडे.

सकाळी नवरा फडक्याला हात पुसत आला.
“हे पाणी कुठलं? पिऊ?”
मी पाव भाजत होते, पाठमोरी,
तोंडातून निघतच होतं, पिऊ शकतोस,
आणि जीभ तिथेच अडली.

झाकण घट्ट केलं. कागदाची पट्टी चिकटवली:
कुचेरा, पूर्वेची विहीर, तारीख.
खाली, तपासणी कोण करणार, या रकान्यात
माझं नाव लिहिलं.