सात नळ्या

आधी मेंढीला कळलं.
धार काढता काढता एफिझिओच्या
उजव्या हाताची तीन बोटं
सडावरून घसरू लागली,
तेव्हा तिनं मान वळवून पाहिलं.

नुओरोच्या दवाखान्यात बाकिझिया
सातवी नळी भरते, हलकेच उलटीसुलटी करते,
नाव चिकटवते.
"एवढं रक्त कशाला?"
"आपलंच रक्त आपल्या नसांवर उठलंय का, बघायचं.
राखणीचं कुत्रं कळपालाच चावावं, तसं."

तो बराच वेळ गप्प.
"तसल्या कुत्र्याचं आम्ही काय करतो,
ठाऊक आहे ना बाई?"

ती डोंगरातलीच. ठाऊक आहे.

निकाल पंधरा दिवसांनी.
डाव्या कोपरातला कापूस उजव्या अंगठ्यानं दाबून
तो निघतो, दारात थांबतो,
अंगठा कापसावरच आहे ना
खाली बघून घेतो.