नडगीवरची रेघ

नुकूस. पहाटेचे पाच. चहाच्या आधी, लघवीच्या नंतर,
त्याच पातळ झग्यात, त्याच काट्यावर
मी कलमुर्झा आजोबांना उभं करते.
चौऱ्याऐंशी किलो सहाशे.
त्यातला माणूस किती आणि पाणी किती
ते काटा सांगत नाही.

नडगीवर अंगठा दाबते. खळगा पडतो
आणि पडूनच राहतो,
ओल्या वाळूत टाच रुतावी तसा.
सूज जिथे संपते तिथे पेनाने रेघ, शेजारी तारीख.
छातीच्या तळाशी बुडबुडे.
तीन उशा, तरी रात्र बसूनच काढलेली.

"मुयनाकला आम्ही खुंट्या ठोकायचो," ते म्हणतात, दर दोन शब्दांना धाप.
"वसंतात, अगदी पाण्याच्या कडेला.
पुढच्या वर्षी खुंटीपासून पाण्यापर्यंत जायला
एक सिगारेट पुरायची.
मग पाकीट लागायला लागलं.
मग मी जाणंच सोडलं."

शिरेतून औषध. दुपारपर्यंत
मापाच्या बाटलीत दोन लिटर.
ते वाकून आकडा बघतात,
जाळं ओढून झाल्यावर बघावं तसे.

दिवसाला दीड लिटर, चहा त्यातच धरून. मीठ बंद.
इथे वारा सुटला की खिडकीच्या चौकटीवर मीठ साचतं,
दोरीवरच्या चादरी खारट होतात,
आणि आयुष्यभर मिठाला जागलेल्या माणसाला
मी सांगते, मीठ बंद.

चौथ्या पहाटे सातशे ग्रॅम वाढले.
कोणी काही बोलेना.
उशीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला सुका मासा निघाला
आणि बीबीखान आजींच्या तोंडचं पाणी पळालं.
मला हसू आलं. रागवायचं राहूनच गेलं.

सातव्या दिवशी रेघ घोट्याशी.
अठ्ठ्याहत्तर. पण रात्रभर पोटऱ्यांत गोळे,
पोटॅशियम उतरलेलं, क्रिएटिनिन चढलेलं.
डॉक्टर बेकिम्बेतोव म्हणाले,
अजून किलोभर काढायचंय. पण आता दमादमानं.

आजोबा नडगीवरच्या जुन्या रेघा बोटानं मोजत होते.
"थोडं राहू दे, पोरी.
आमच्याकडेही थोडं थोडं म्हणतच नेलं."

मी म्हटलं, हे पाणी वेगळं,
हे हृदयाला पेलत नाही.
त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नव्हे,
पाहुण्याचं मन राखल्यासारखी.

दुपारी बूट मागितले.
महिन्यानं दोन्ही पाय आत गेले.
डाव्यात वाळू होती.