दुसरा आवाज

लातूरला आम्ही अकरा जण उभे राहिलो.
दहा गायले.
अकरावा मी.

पुंडगे सरांनी आदल्या संध्याकाळी बाजूला घेतलं होतं,
"विश्वांभर, आवाज फुटू लालाय बाबा तुझा.
दोष तुझा नाही, वयाचा आहे.
तू आपलं ओठ हलव."
मी हलवले.
इतके नीट, की परीक्षकांतल्या एका बाईंनी
माझ्याकडेच बघून मान डोलावली.

उत्तेजनार्थ.
एक ढाल, तिच्यावर मागच्या वर्षीचं साल,
आणि अकरा प्रमाणपत्रं.
माझ्यावर नाव चुकलेलं: विश्वंबर.
मला ते बरंच वाटलं.
न गाता बक्षीस घेणारा
दुसराच कुणी असलेला चांगला.

पूर्णा जंक्शनला उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते.
वसमतकडची गाडी एक तास उशिरा,
मग दोन, मग साडेतीन.
भोंग्यातल्या बाईचं दिलगीर होणं
इतकं अंगवळणी पडलं
की लोचना झोपेतच तिच्याबरोबर म्हणाली, "खेद है."
धपाटे संपले होते, ठेचा उरला होता.
सर एकेका घरी फोन लावत होते,
तेच वाक्य, दर वेळी थोडं खालच्या पट्टीत,
शेवटी बॅटरी गेली आणि ते बाकड्यावर
ढाल उशाला घेऊन आडवे झाले.
पेटीची राखण माझ्याकडे आली.
ज्याचा गळा दमला नव्हता
त्यानं जागायचं, एवढाच हिशोब.

अडीचच्या सुमारास झाडणारी बाई आली.
"पाय वर घे. पेटीत काय हाय?"
"हार्मोनियम."
"गाणारे का तुम्ही?"
"हे गाणारे."
"आन् तू कामून जागा हायेस मग? म्हण की काहीतरी."

मला वरची चाल येत नव्हती.
तीन महिने मी दुसऱ्या आवाजात उभा होतो.
खालचे सूर, लांब लांब,
बाजूच्या रुळावर डबे सोडून द्यावेत तसे थांबलेले.
तेच म्हणालो. हळू.
दोनदा फाटलं, तरी सोडलं नाही.

झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकून तिनं ऐकलं.
"ह्याला गाणं म्हणतेत?"
"अर्धं हाय."
"मग अर्धं कुठं गेलं?"

मी बोट केलं
चादरींतल्या गाठोड्यांकडे.
आणि त्यातल्या एकातून,
तोंडावरची ओढणीसुद्धा न काढता,
तहसीनचा आवाज आला.
तिसऱ्या ओळीपासून. जिथं लातूरला
तिचा श्वास पुरला नव्हता, तिथून.
माझा सूर खाली, तिचा वर,
मधे प्लॅटफॉर्म नंबर दोन,
एक कुत्रं, पाण्याचा थेंबथेंब गळणारा नळ.
पहिल्यांदा कळलं, मी इतके दिवस
कशाच्या खाली उभा होतो.

मग मालगाडी आली.
न थांबणारी. कोळशाची असावी.
तोंडं हलत असतील आमची,
मला माझंही ऐकू येत नव्हतं.
शेवटचा डबा गेला, लाल दिवा लहान लहान होत गेला,
तेव्हा मी सुरावरच होतो
आणि तहसीन घोरत होती.
बाई पुढच्या खांबापर्यंत झाडत पोचली होती.
तिनं वळून पाहिलं नाही.

गाडी पाचला मिळाली.
खिडकीशी तहसीनला विचारलं.
"मी? कधी? हट्," म्हणाली
आणि उरलेला ठेचा बोटानं चाटायला लागली.

वसमतला उतरलो तर हळद शिजवल्याचा वास
स्टेशनाच्या आत आलेला.
बाबा फटफटीला टेकून उभे, डोळे तांबारलेले.
"कसं झालं रे गाणं?"
"उशिरा झालं," मी म्हणालो.
"व्हय, सांगितलं सरांनी. गाडीचं काही खरं नसतंय."
त्यांनी किक मारली.
मी मागे बसलो,
विश्वंबरचं प्रमाणपत्र गुंडाळून शर्टात,
आणि इंजिनाच्या आवाजाखाली
खालचा सा धरून बघितला.